कॅमेरा सगळ्यात शेवटी

१४ एप्रिल, सकाळी

आजपासून रोजनिशी. माझ्या कामाची कदर करणारं दुसरं कोणी या चोल्पोन-आता गावात उरलेलं नाही, म्हणून.

काल बाजारात ओरोझ समोरून आला. हातभर अंतरावरून निघून गेला. सलाम नाही, साधी मान हलवणं नाही. तीस वर्षं एका स्टुडिओत, एका किटलीतला चहा प्यायलेला माणूस! ड्रोन घेतल्यापासून साहेबांची नजर आभाळात. जमिनीवरची माणसं कशाला दिसतील?

भागीदारी मी मोडली, ती बरोबरच मोडली. स्टुडिओला कुलूप लागलं, किल्ल्या त्याच्याकडे. मला न विचारता ड्रोन घेतला. त्याआधी टॅक्स ऑफिसरच्या मुलीच्या लग्नाचा अख्खा अल्बम आउट ऑफ फोकस काढला आणि वर म्हणतो, लेन्स बिघडलीय. लेन्स माझी होती. वर्मी लागलं.

आता ठरलं. तो वर उडतो ना? मी खाली जाणार. सरोवराच्या तळाशी. पाण्याखालची फोटोग्राफी. आख्ख्या इसिक-कुल सरोवराच्या काठावर हे करणारा एक माईचा लाल नाही.

बेरमेतला सांगितलं. ती लोकर पिंजत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुम्हाला पोहता कुठे येतं?’

मी विचारलं, घोड्याचा फोटो काढायला खिंकाळता यावं लागतं का? तिने पुढची लोकर पिंजायला घेतली. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण बायकोला मोठा विचार झेपत नाही.

१७ एप्रिल

अभ्यास सुरू. इंटरनेटवर सगळे एकच पाढा म्हणतात: नवशिक्याने छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा, त्याच मापाचा वॉटरप्रूफ डबा घ्यावा, एक बरा दिवा घ्यावा, बस्स. मोठा कॅमेरा, बदलायच्या लेन्सा, दोन दोन फ्लॅश हे सगळं नंतर.

नवशिक्यांसाठी सल्ला उत्तम आहे. मी नवशिका नाही. पाणी माझ्यासाठी नवीन आहे, इतकंच.

३ मे

रइसा इवानोव्नाच्या डायव्हिंग क्लबात गेलो. बाई सत्तरीच्या. शाळेत आमच्या पिढीला पोहायला शिकवायच्या. त्या तासाला माझं पोट दुखायचं, हे त्यांच्या अजून लक्षात आहे. चार लोकांत मोठ्याने विचारलं, ‘काय मुकाश, पोट कसंय?’

मी सरळ मुद्द्यावर आलो. कुठला कॅमेरा घेऊ?

म्हणाल्या, ‘आधी पोहणं. मग डायव्हिंग. मग पाण्यात एका जागी लोंबकळत स्थिर राहणं. मग दिवा. कॅमेरा सगळ्यात शेवटी.’

मी म्हटलं, मला फोटोग्राफीचा अनुभव आहे.

‘सरोवराला नाही ना तुझा अनुभव,’ म्हणाल्या. ‘खाली गेलं की लाल रंग आधी जातो. मग नारिंगी. मग सगळं निळं-हिरवं, शेवाळलेल्या डबक्यासारखं. रंग हवा तर दिवा घेऊन जवळ जायचं. जवळ म्हणजे आणखी जवळ. आणि तिथे जाऊन हातपाय झाडलेस तर तळाची माती उठते, फोटो बोंबलतो. म्हणून आधी पोहणं.’

एकूण रोख कोर्सची फी उकळण्यावर होता. मला काय कळत नाही? लाल रंगाचं मला माहीत होतंच. म्हणजे आता आहे.

सहा वेळा यायचं कबूल करून आलो. पाणी गरम झालं की.

१२ मे

संधी चालून आली! संग्रहालयाच्या कनिशायबाईंनी बोलावलं. नवीन हॉल होतोय. समोरच्या भिंतीवर मोठा फोटो लावायचाय, आपल्या किनाऱ्याजवळ पाण्यात बुडालेल्या जुन्या वस्तीचा. सप्टेंबर अखेरपर्यंत फोटो द्यायचे.

मुलगी नम्र आहे, मोठ्या भावासारखं ‘आके’ लावून बोलते. म्हणाली, ‘मुकाश आके, तुम्ही आणि ओरोझ आके मिळून काढाल का? ते वरून, तुम्ही खालून. तुमच्या दोघांच्या स्टुडिओत माझ्या आईवडलांच्या लग्नाचे फोटो आहेत.’

मी म्हटलं, मी एकटा देईन. ती म्हणाली, ‘ते पण म्हणाले की तुम्हाला विचारा.’

बघा चाल. मला विचारायला लावतो, म्हणजे मी नाही म्हटलं की हा मोकळा.

२२ मे

डबा मिळाला!! आल्मातीचा एक माणूस डायव्हिंग सोडतोय. व्यावसायिक दर्जाचं अॅल्युमिनियम हाऊसिंग, पुढे काचेचा घुमट, दोन बाजूंना फ्लॅशचे हात. दिसायला असं की माणसाने सलाम ठोकावा. दोन मेंढ्या विकाव्या लागल्या. मेंढ्यांना नाहीतरी फोटोग्राफीत रस नव्हता.

बेरमेत म्हणाली, ‘त्यांना नव्हता, मला होता. मेंढ्यांत.’

तिला समजावलं. गुंतवणूक.

३० मे

डबा एकाच मॉडेलच्या कॅमेऱ्याला बसतो, हे त्या आल्मातीच्या माणसाने सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं, पण रशियन भाषेत आणि घाईघाईने. माझा कॅमेरा त्याच कंपनीचा, पण पुढच्या वर्षीचा. आत जातो. पण बाहेरून बटण दाबलं की आतला दांडा हवेत बोट नाचवतो.

जोडे शिवणाऱ्याकडून रबराचा तुकडा आणला, दांड्याला चिकटवला. आता शटर दाबलं की मेनू उघडतो. प्रगती आहे.

८ जून

जुन्या मॉडेलचा कॅमेरा घेतला. तिसरी मेंढी. कॅमेरा डब्यासाठी घ्यावा लागतो, डबा कॅमेऱ्यासाठी नाही, हा माझा स्वतःचा शोध. नवीन मुलांना शिकवता येईल.

संध्याकाळी फाटकाबाहेर ओरोझची गाडी. बराच वेळ थांबली. तो काचेतून घराकडे टक लावून बघत होता. मी अंगणातच उभा होतो, जर्दाळूच्या झाडाखाली, चांगला समोर. एक शब्द नाही. मग गाडी सुरू करून गेला, आणि जाताना आमच्या कुंपणाचा खांब घासून गेला. मुद्दाम!

हेरगिरी. आता फ्लॅश झाकून ठेवणार.

१५ जून

ओरोझने बेरमेतच्या हाती पुडकं पाठवलं. एक छोटा कॉम्पॅक्ट कॅमेरा, त्याच्याच मापाच्या प्लास्टिकच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळलेला. त्याच्या मुलीने रशियातून, कझानहून आणला होता म्हणे. निरोप असा: ‘यावर हात बसव, मग मोठा वापर. मला काही उपयोग नाही त्याचा.’ सोबत धूर दिलेले मासे.

म्हणजे मी नवशिका. म्हणजे त्याला जे नको ते मला. अपमान करायलाही अक्कल लागते, ती याच्याकडे पहिल्यापासून आहे.

बेरमेतला सांगितलं, आत्ताच्या आत्ता परत देऊन ये. मासे ठेवले. माशांशी माझं वैर नाही.

२ जुलै

पोहण्याचा पहिला तास. सॅनेटोरियमच्या तलावात, सांधेदुखीच्या म्हाताऱ्यांबरोबर. नाकात पाणी गेलं. रइसा इवानोव्ना काठावरून ओरडत होत्या, ‘सोड ती शिडी! शिडी तुझी बायको नाही!’ म्हाताऱ्या हसल्या. एकीने मला हात धरून पलीकडे नेलं.

बाईंची शिकवण्याची पद्धत जुनाट आहे. पुढचे तास रद्द. मी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून डबा खाली धरणार. वस्तीच्या काही भिंती तेवढ्याच खोलीवर आहेत. अवघड मार्ग सगळेच घेतात.

१९ जुलै

पर्यटकांचा मोसम. स्टुडिओ असता तर आत्ता रांग असती. किनाऱ्यावर दिवसभर उभा होतो, गळ्यात कॅमेरा. आल्मातीच्या एका कुटुंबाने बोलावलं. धावत गेलो. स्वतःचा फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, आमचा एक काढा ना.

काढला. फ्रेमिंग उत्तम होतं. त्यांना कळलं नाही.

ऑगस्टपासून पाण्याखाली. मग बघू.

६ ऑगस्ट

पुस्तिकेत लिहिलंय: आधी रिकामा डबा पाण्यात बुडवून तपासावा. रबरी रिंगवर केस, धूळ, धागा नाही ना ते बघावं, हलकं ग्रीस लावावं. आमच्याकडे जर्दाळू धुवायचं घमेलं आहे, त्यात करता आलं असतं. पण बेरमेतचे जर्दाळू त्यात होते, आणि असला भारी डबा घमेल्यात तपासणं म्हणजे शर्यतीचा घोडा खाटेला बांधणं.

उद्या थेट सरोवर.

७ ऑगस्ट, दुपारी

लिहायला हात उचलत नाही. तरी लिहितो, कारण साक्षीदार मीच.

सकाळी पाणी आरशासारखं. नारिंगी लाइफ जॅकेट घालून कमरेइतक्या पाण्यात गेलो. पायाखाली जुनी भिंत लागली, चक्क लागली. डबा पाण्याखाली धरला. फार सुंदर क्षण.

तेवढ्यात डोक्यावर भणभण. ड्रोन! बरोबर माझ्या डोक्यावर, जागचा हलेना. सबंध सरोवर मोकळं पडलंय आणि याला हीच जागा सापडली. माझा संताप झाला. मी वर बघून मूठ दाखवली. शिव्या दिल्या. ड्रोनला ऐकू येत नाही हे माहीत आहे, पण मनात राहायला नको.

खाली बघितलं तर डब्यातून बुडबुडे. आतला दिवा एकदा लाल झाला आणि गेला.

काठावर येऊन उघडला. अर्धा ग्लास सरोवर आत. रबरी रिंगवर लोकरीचा एक धागा, बेरमेतच्या गालिच्याच्या लोकरीचा.

म्हणजे निम्मा दोष बेरमेतचा, निम्मा ओरोझचा. एवढं मूठ दाखवायला लावलं नसतं तर बुडबुडे वेळेवर दिसले असते.

८ ऑगस्ट

कॅमेरा तांदळात ठेवलाय. बेरमेत म्हणाली, तीन मेंढ्यांचा पुलाव झाला.

सगळ्यांना सांगितलंय की कॅमेरा सर्व्हिसिंगला बिश्केकला गेलाय.

१० सप्टेंबर

कपाटात टॉवेल शोधताना टॉवेलात तो छोटा कॅमेरा सापडला. बेरमेतने परत केलाच नव्हता! विचारलं, तर म्हणाली, ‘नेला होता. ते म्हणाले, राहू दे, त्याला लागेल. मी भांडत बसू का दोन म्हाताऱ्यांच्या मधे?’

तत्त्वाचा प्रश्न आहे. मी तो वापरणार नाही.

१७ सप्टेंबर

तत्त्व बाजूला ठेवलं, कारण प्रश्न जिल्ह्याच्या इतिहासाचा आहे. रइसा इवानोव्नाच्या होडीतून गेलो. मला पोटाशी दोरी बांधून, मास्क लावून पाण्यात सोडलं. बाईंनी दोरीचं टोक धरलं होतं. मी डोकं पाण्यात घातलं.

हे मात्र खरं लिहितो. खाली भिंती होत्या. एका खोलीचा कोपरा, उंबऱ्यासारखा दगड, त्यावरून एक मासा गेला, आपल्याच घरातून जावा तसा. मी श्वास घ्यायला विसरलो. मग आठवण झाली, आणि चुकीच्या ठिकाणी घेतला.

बाईंनी ओढून वर काढलं. मला खोकला थांबेना. पाठीत गुद्दे घालत म्हणाल्या, ‘आता कळलं का सगळ्यात शेवटी का ते? सांगितलं तसं सहा वेळा आला असतास तर आज हे काढू शकला असतास, गाढवा.’

बाई भावनाविवश झाल्या होत्या.

१८ सप्टेंबर

फोटो बघितले. बरेचसे हिरवे. छोट्या कॅमेऱ्याच्या फ्लॅशने पाण्यातला गाळ उजळून सगळीकडे बर्फ पडल्यासारखं दिसतंय. काहींत माझा अंगठा. एकात भिंत आहे, असं मला वाटतं. बेरमेतला दाखवला. ती म्हणाली, गुडघा आहे.

तोच पाठवणार. नाव: ‘काळाची भिंत’.

२९ सप्टेंबर

ओरोझचा फोन. उचलला नाही. परत फोन. मग बेरमेतला निरोप: ‘रविवारी दोघं जेवायला या. मेंढी कापतोय.’ ड्रोनचे फोटो दिले असतील संग्रहालयाला, त्याची जाहिरात. शिवाय मेंढीचं नाव काढून मला टोमणा.

जाणार नाही.

२ ऑक्टोबर

परत निरोप. ‘मुकाशला म्हणावं, जुनी किटली काढलीय.’

जाणार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

बेरमेत एकटी गेली. परत आली ती डोळे लाल. विचारलं काय झालं, तर म्हणाली, चुलीचा धूर. ओरोझकडे गॅस आहे.

‘तुमची खुर्ची रिकामी ठेवली होती त्यांनी,’ म्हणाली. ‘जेवण निवेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.’

मी म्हटलं, नाटकं. ती म्हणाली, ‘उद्या सकाळी जाऊन या. माझ्यासाठी. मी काही सांगणार नाही, मला शपथ घातलीय. तुम्ही जा.’

उद्या सकाळी मला डबा घासायचाय. मीठ धरतं.

९ ऑक्टोबर

डबा घासत होतो तेव्हा ओरोझची गाडी गेली, वर टपावर गाठोडी. गाडी त्याचा मेहुणा चालवत होता. साहेब बाजूला बसलेले. आता ड्रायव्हर ठेवलाय!

बिश्केकला मोठ्या लग्नाचं काम मिळालं असणार.

१६ ऑक्टोबर

कनिशायने बोलावलं. निवड झाली. ‘काळाची भिंत’बद्दल म्हणाली, ‘मुकाश आके, तुमची मेहनत दिसते.’ मेहनत दिसली की समजावं, फोटो दिसला नाही.

निवडलेला फोटो ओरोझचा. कॉम्प्युटरवर दाखवला. पाणी इतकं नितळ की वरून सगळं दिसतंय. भिंती, गल्ल्या, मधला चौक, जणू कुणी खडूने आखून ठेवलंय. मी सहा महिने खाली जायच्या मागे होतो आणि ते सगळं वरूनच दिसत होतं.

मग कनिशायने कोपऱ्यात बोट ठेवलं. पाण्यात एक नारिंगी ठिपका. मोठा करून बघितला. लाइफ जॅकेट. वर उगारलेली मूठ. तोंड उघडं.

‘कुणीतरी टुरिस्ट असेल,’ ती म्हणाली. ‘हात करतोय बहुतेक. ओरोझ आके म्हणाले होते, फोटोत काही नको असेल तर मुकाशला विचारून काढा, त्याची नजर चांगली आहे. काढून टाकू का?’

ओळखलं नाही तिने मला. एका परीने बरंच.

मी म्हटलं, काढून टाका.

१८ ऑक्टोबर, चहाच्या वेळी

मी सहज म्हटलं, ओरोझ बिश्केकहून कधी येतोय? फोटो निवडला गेला, आता शेखी मिरवायला येईलच.

बेरमेतने कप खाली ठेवला. म्हणाली, ‘गेले ते आता, शपथ संपली. ऐका. ते कझानला गेले, मुलीकडे. कायमचे. डोळ्यांत काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. कडेकडेने अंधार येत येत मधे नळीएवढं दिसतं. त्या लग्नाच्या अल्बमच्या वेळीच सुरू झालं होतं. ड्रोन स्वतःच फोकस करतो, पडदा मोठा असतो, म्हणून घेतला हो. तेवढं तरी काम करता येईल म्हणून.’

मी विचारलं, मग मला का नाही सांगितलं?

‘म्हणाले, मुकाशला कळलं तर तो कीव करेल. त्यापेक्षा त्याच्या शिव्या बऱ्या. त्या दिवशी जेवताना स्वतः सांगणार होते. स्टुडिओच्या किल्ल्या द्यायच्या होत्या तुमच्या हातात. तुम्ही आला नाहीत. मेहुण्याकडे दिल्या. त्याने परवा जागा भाड्याने दिली, फोनची कव्हरं विकणाऱ्याला.’

मी म्हटलं, त्याने आधी सांगायला हवं होतं. चूक त्याचीच आहे. ज्याला माहीत आहे त्याने सांगायचं असतं.

बेरमेत कप घेऊन आत गेली. माझा कप तिथेच राहिला.

बाजारातली गोष्ट परत परत आठवते. हातभर अंतर. फाटकाबाहेरची गाडी. मी झाडाखाली, चांगला समोर. खांब.

त्याने मूठही बघितली नसणार. तो फक्त वस्तीचा फोटो घेत होता.

१९ ऑक्टोबर, सकाळी

दार उघडायच्या आधीच संग्रहालयात जाऊन उभा राहिलो. कनिशाय आली. म्हटलं, तो ठिपका राहू द्या. इतिहासात एखादा माणूस असावा, प्रमाण कळतं. कलेचं तत्त्व आहे.

ती वरमली. ‘आके, परवाच काढून बिश्केकला छापायला पाठवला. तुम्हीच म्हणालात ना!’

मूळ फाइल आहे का, विचारलं. म्हणाली, ओरोझ आकेंच्या कॉम्प्युटरमध्ये असेल. त्यांनी जाण्याआधी सगळं विकलं.

ती म्हणाली, ‘तुम्ही ओळखत होता का त्या माणसाला?’

मी म्हटलं, तोंडओळख होती.

२१ नोव्हेंबर, दुपारी

उद्घाटन झालं. फोटो भिंतभर आहे, खाली ओरोझचं नाव. भाषणं झाली. शिक्षण अधिकारी म्हणाले, पाण्यात न उतरता पाण्याखालचं दाखवणारा कलावंत. टाळ्या. रइसा इवानोव्ना माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. फक्त माझ्या कोपराला धरून उभ्या राहिल्या, होडीत धरलं होतं तसं.

नंतर मी जवळ गेलो. आणखी जवळ. जागा मला पाठ आहे, चौकाच्या उजवीकडे, दोन भिंती मिळतात तिथे. तिथे आता नुसतं पाणी आहे. काम कच्चं असेल तर लाट जुळत नाही, रंग उसवतो, म्हणून बारकाईने बघितलं. जुळतंय. कुठे खोट नाही. ज्याने पुसलं त्याला काम येतं.

एका बाईने मागून विचारलं, ‘आके, जरा बाजूला होता का? फोटो घ्यायचाय.’

झालो.

आज कझानला फोन करायचं ठरवलं होतं. नंबर बेरमेतने लिहून दिलाय. पण तिकडे आत्ता सकाळ असेल. डोळ्यात औषध घालायची वेळ. उगाच हात हलायला नको.

उद्या.